चाराण्याची नळी कशी फुलते

परभणीच्या बाजारात किराणा दुकानापुढे तोंड उघडून ठेवलेल्या गोण्यांत एखादी गोणी कच्च्या नळ्यांची हमखास दिसते. पिवळ्या, केशरी, कधी हिरव्या-गुलाबी. बोटाच्या पेराएवढी लांबी, मधे आरपार भोक, उजेडात धरली तर अर्धवट पारदर्शक. दाताखाली घेतली तर दात दुखेल, पण नळीला काही होणार नाही. तीच नळी तापल्या तेलात सोडली की बुडते, क्षणभर थांबते, मग एकदम उसळून वर येते आणि आठ-दहा सेकंदांत तिपटी-चौपटीनं मोठी झालेली असते. आता ती दोन बोटांत धरून दाबली तरी चुरा होतो.

कुणी तिला बॉबी म्हणतं, कुणी पोंगा, कुणी नुसती नळी. १९८०च्या दशकात शाळेत गेलेल्या माणसाला ती दाखवली की पाच बोटांत पाच नळ्या घालून एकेक खाण्याची आठवण तो सांगणारच. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, आणि तेव्हा परभणी जिल्ह्यातच असलेलं हिंगोली-वसमत (हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ला), कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर ही नळी होती. त्या आठवणींवर भरपूर लिहून झालंय. मला जास्त कुतूहल आहे ते नळी फुगते कशी याचं. कारण हे शोधत गेलं की माणूस कारखान्यात पोचण्याआधी स्वतःच्याच घरातल्या कुरडयांच्या डब्यापाशी जाऊन थांबतो. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात. पाणी रोज बदलायचं, नाहीतर उग्र वास सुटतो. तिसऱ्या दिवशी दाणा दोन बोटांत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. मग तो वाटायचा, पाण्यात कालवून पिळायचा, चोथा बाजूला काढायचा, दूध फडक्यातून गाळून रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी वर पिवळट, आंबूस पाणी आणि तळाशी घट्ट पांढरा थर. हा चीक. भिजताना गहू थोडा आंबतो, त्यानं दाण्यातली प्रथिनांची पकड सैल होते. पिळल्यावर प्रथिनं बरीचशी चोथ्याबरोबर निघून जातात. स्टार्चचा कण पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो, म्हणून तो तळ गाठतो. वरचं पाणी ओतून दिलं की खाली राहतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रयोगशाळेत स्टार्च वेगळा करायची जी रीत आहे ती याहून फार निराळी नाही.

पुढचं काम जोखमीचं. जितका चीक तितकंच पाणी मोजून उकळायला ठेवायचं, मीठ-हिंग टाकायचा आणि चीक बारीक धारेनं ओतत, दुसऱ्या हातानं न थांबता ढवळत राहायचं. एकटीचं हे काम नाही, शेजारीण लागतेच. साठ अंशांच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात. आणखी तापलं की फुटतात, आतले लांब धागे बाहेर पडून एकमेकांत गुंततात, आणि दुधासारखं पांढरं मिश्रण बघता बघता चकाकणारं, काचेसारखं दिसायला लागतं. ओलं बोट लावून बघायचं. चिकटलं नाही की शिजलं. इथे घाई केली आणि चीक कच्चा राहिला तर शिक्षा दोन महिन्यांनी मिळते. कुरडई वाळताना तुटते आणि तळताना फुलतच नाही. शिजलेल्या स्टार्चचे धागेच वाफेला धरून ठेवतात. कच्च्या कणांना ते जमत नाही.

गरम असतानाच चीक सोऱ्यात भरायचा आणि बाजेवर अंथरलेल्या धोतरावर किंवा प्लास्टिकच्या कागदावर चक्रं पाडायची. मराठवाड्याच्या उन्हाळ्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं कमी, पण वाळवणाला असं ऊन दुसरीकडे शोधावं लागेल. बेचाळीस अंश तापमान आणि हवेत ओलाव्याचा पत्ता नाही. दोन-तीन दिवसांत कुरडई खडखडीत होते.

खडखडीत होते म्हणजे नेमकं काय होतं? तिच्यातलं पाणी शंभराला दहा-बारा भागांवर येतं. शिजलेल्या स्टार्चमध्ये पाणी भरपूर असलं की तो लवचीक, रबरासारखा असतो. पाणी निघून गेलं की धागे जागच्या जागी अडकतात आणि पदार्थ टणक, ठिसूळ, पारदर्शक होतो. शास्त्रज्ञ या अवस्थेला सरळ काच म्हणतात. खिडकीची काच वितळून पुन्हा मऊ करता येते तशी ही स्टार्चची काचही तापवून मऊ करता येते. किती तापवावं लागेल ते आत किती पाणी उरलंय त्यावर ठरतं: पाणी जास्त तर थोड्या उष्णतेत मऊ, पाणी कमी तर जास्त उष्णता लागते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की नळी, लाही, मुरमुरा, सादळलेला चिवडा, सगळ्यांचा उलगडा होतो.

आता कारखाना. कच्च्या नळीत मैदा असतो, कधी रवा, सोबत मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, मीठ आणि रंग. यात वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी घालून ते मिश्रण लांबट नळकांड्यात ढकलतात. आत मोठा स्क्रू फिरत असतो. तो पीठ पुढे रेटतो, दाबतो, मळतो. बाहेरून वाफेची उष्णता मिळते. आपल्या घरी पातेल्यात आणि दोन बायकांच्या दंडांत जे होतं ते इथे लोखंडी नळकांड्यात मिनिटा-दोन मिनिटांत होतं. पीठ शिजतं, धागे गुंततात. टोकाला साचा. साच्याच्या गोल भोकात मधोमध एक खिळा बसवलेला असतो. पीठ त्या खिळ्याभोवतीनं बाहेर पडतं म्हणून नळी पोकळ होते. खिळ्याच्या जागी आऱ्या बसवल्या की चाक तयार होतं. लहानपणी मिळणारी गाडीची चाकं, चौकटी, शंख, सगळी एकाच पिठाची. फरक फक्त साच्याचा. चवीत फरक आहे असं आम्ही पैज लावून सांगायचो, तो भाग वेगळा.

साच्यापुढचं पातं तुकडे पाडतं आणि ते गरम हवेत कित्येक तास वाळवले जातात. इथे घाई चालत नाही. बाहेरची कड आधी वाळून आखडली आणि आत ओल राहिली तर नळीला बारीक तडे जातात. तडा गेलेली नळी तळताना एका बाजूनं वाफ सोडून देते आणि वाकडी, अर्धवट फुगते. पाकिटात दोन-चार कडक, आखूड नळ्या निघायच्या आणि दातांना लागायच्या, त्या बहुधा अशाच.

पोकळ आकाराचा उपयोग बोटात घालण्यापुरता नाही. पातळ भिंत असल्यानं नळी वाळताना आतून-बाहेरून सारखी वाळते आणि तळताना आतून-बाहेरून सारखी तापते. तेवढ्याच पिठाची भरीव कांडी केली असती तर बाहेरून करपून आत दगड राहिली असती.

तेलात काय घडतं ते सावकाश बघू. तेल एकशे ऐंशी ते दोनशे अंश. एक ग्रॅमभर वजनाच्या नळीत पाणी असतं अंदाजे एक दशांश ग्रॅम, म्हणजे दोन थेंब. पण एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे एक लिटर सातशे मिलिलिटर जागा मागते. त्या दोन थेंबांची वाफ म्हणजे धरा एकशे सत्तर मिलिलिटर. चहाचा मोठा कप भरून वाहील इतकी. नळी तापली की आधी काच मऊ पडते. नेमकं त्याच वेळी आतलं पाणी वाफ व्हायला लागतं. मऊ भिंतीत हजारो बारीक बुडबुडे धरतात आणि भिंत चहूबाजूंनी ताणली जाते. बरीचशी वाफ निसटून जाते, तेलात तडतड दिसते ती तीच. पण अडकलेला थोडासा भागही नळी चौपट करायला पुरतो. आणि मग गंमत अशी की वाफ गेली म्हणजे पाणी गेलं, आणि पाणी गेलं की मऊ भिंत तेवढ्याच तापमानाला पुन्हा काच होते. फुगलेल्या आकारातच गोठते. म्हणून तळलेली नळी थंड झाल्यावर फुग्यासारखी बसत नाही.

सगळा खेळ वेळेचा. तेल कोमट असेल तर भिंत मऊ पडायच्या आत पाणी हळूहळू निसटून जातं. नळी फुगत नाही, तेल पिते आणि कडक राहते. तेलातून धूर निघत असेल तर बाहेरची बाजू करपते आणि आत पांढरा टणक भाग राहतो. कच्चा माल पावसाळी हवेत ओलसर झाला असेल तर मोठेमोठे वेडेवाकडे फोड येतात. उन्हात फार दिवस राहून अगदीच कोरडा पडला असेल तर वाफेला पाणीच नाही. आयाबाया आधी एक तुकडा सोडून बघतात आणि मग मूठभर टाकतात, ती परीक्षा तेलाची असते तशीच मालाचीही.

तेलाबद्दल एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. तळत असताना नळीतून वाफ बाहेर येत असते, तेव्हा तेलाला आत शिरायला वाव कमी असतो. झाऱ्यानं बाहेर काढल्यावर आतली वाफ थंड होऊन आकसते, पोकळी तयार होते आणि अंगावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. त्यामुळे काढल्या काढल्या, गरम असतानाच झारा हलवून तेल निथळून घेतलं तर नळी कमी तेलकट होते. ताटात पसरून मग कागदानं टिपत बसण्यात फारसा अर्थ उरत नाही.

ऐंशीच्या दशकात या नळ्या गावोगाव पोचल्या, याचं गुपितही त्या कच्च्या तुकड्यातच आहे. फुगवलेला माल म्हणजे बहुतांशी हवा, आणि हवेचं भाडं कोण भरणार? कच्ची नळी मात्र घट्ट, जड, न मोडणारी. गोणीत भरून रेल्वेनं किंवा यष्टीच्या टपावरून कुठेही पाठवा. ना बर्फ लागतो ना विशेष सांभाळ. कोरड्या जागी महिनोन् महिने टिकते. तळायचं काम गावातल्या गावात. एक कढई, एक स्टोव्ह आणि पातळ पिशव्या एवढ्या भांडवलावर कुणीही घरात बसून हा धंदा सुरू करू शकत होतं, आणि केला. दहा पैसे, मग चार आणे, मग आठ आणे. चार आण्यांचं नाणंच ३० जून २०११ला चलनातून गेलं.

रंगाचं म्हणाल तर तो नळीच्या फुगण्याला काहीच मदत करत नाही. गिऱ्हाईक खेचतो इतकंच. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि मेटॅनिल यलो नावाचा कपड्या-कातड्यांचा स्वस्त पिवळा त्यात बसत नाही. सुट्या मालात कुठला पिवळा आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून मी स्वतः आजकाल बिनरंगी, फिकट नळ्या घेते. बोटात घालायला त्याही चालतात.

नळी कारखान्यातून आली, पण तयार खाण्याची कल्पना काही कारखान्यानं आणलेली नाही. त्यासाठी लाह्यांकडे वळायला हवं, आणि इथे परभणी आपल्या हक्काच्या जमिनीवर आहे, कारण हा ज्वारीचा मुलूख.

नागपंचमीला बऱ्याच घरांत चिरणं-कापणं नसतं, तवाही चढत नाही. लाह्या आदल्या दिवशी फोडून ठेवतात. भाकरीची ज्वारी यासाठी घेतली तर अर्धे दाणे गणंग राहतात. लाह्यांना दाणा लहान आणि कणखर लागतो, ज्याचा आतला भाग पिठूळ नसून काचेसारखा कडक आहे. ज्वारीचा असा दाणा म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. साल घट्ट, आत स्टार्च आणि थोडं पाणी. दाणा तापतो, पाणी शंभर अंशांच्या पुढे जातं पण सालीमुळे वाफ होऊन पळता येत नाही. दाब चढत जातो, आतला स्टार्च त्या दाबाखाली शिजून मऊ पडतो. मक्याच्या दाण्यावर झालेल्या प्रयोगांत सुमारे एकशे ऐंशी अंशांना साल फुटते असं दिसलं. ज्वारीची रीतही तीच. साल फुटली की दाब एका झटक्यात उतरतो, अडकलेलं पाणी एकदम वाफ होतं, मऊ स्टार्च फेसासारखा बाहेर उसळतो आणि हवेतच गोठतो. पांढरी लाही म्हणजे गोठलेला फेस. ज्या दाण्याच्या सालीला आधीच चीर गेलेली आहे तो नुसता भाजून निघतो.

आता आदल्या रात्रीचं काम ध्यानात येईल. ज्वारी गरम पाण्यातून काढून, निथळून, फडक्यात बांधून रात्रभर ठेवतात. साठवणीत दाणा कोरडा पडलेला असतो. त्याला पुन्हा शंभराला तेरा-पंधरा भागांपर्यंत पाणी द्यायचं आणि ते सालीपासून गाभ्यापर्यंत सारखं मुरू द्यायचं. नुसतं शिंपडून लगेच फोडायला घेतलं तर साल ओली आणि गाभा कोरडा, काही उपयोग नाही. सकाळी लोखंडी कढई कडकडीत तापवायची, एका वेळी मूठभरच ज्वारी टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबत गोल फिरवायची. बोळ्यामुळे प्रत्येक दाणा तापल्या लोखंडाला चिकटून राहतो, आणि फुटलेल्या लाह्या अंगणात उड्या मारत नाहीत हा वरचा फायदा.

मुरमुऱ्याचा मार्ग तिसरा. तांदूळ आपल्याकडे बाहेरून येणारा, म्हणून मुरमुरेही भाताच्या मुलखातली कला. भात भिजवून सालीसकट उकडतात, वाळवतात, मग सालं काढतात. म्हणजे तांदूळ आत शिजला आणि वाळून काच झाला, अगदी कुरडईसारखा. पुढे त्याला मिठाचं पाणी लावून मंद शेकतात आणि भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकून काही सेकंद हलवतात. वाळू सव्वादोनशे-अडीचशे अंशांची. प्रत्येक दाण्याला सगळीकडून एकाच वेळी उष्णता देण्याचं जे काम नळीसाठी तेल करतं तेच इथे वाळू करते, आणि चाळून काढता येते, खर्च होत नाही. दाण्याला साल नाही, तेव्हा दाब साठत नाही; मऊ पडलेला दाणा नळीसारखाच आतल्या आत फुगतो. म्हणून लाही उलटी-सुलटी फाटलेली असते आणि मुरमुरा तांदळाचाच आकार राखून मोठा होतो.

आणि मुरमुरा एकदा शिजलेला आहे, म्हणूनच सुशीला होते. मुरमुरे पाण्यातून काढायचे, पिळायचे, फोडणीत कांदा-मिरची-हळद, वरून डाळव्याचं कूट आणि शेंगदाणे, की झाला मराठवाड्याचा नाश्ता. भारतात १९८३मध्ये मॅगी आली आणि दोन मिनिटांचं कौतुक घरोघर पोचलं. त्या शेवयाही आधी वाफेवर शिजवतात आणि मग तळून पाणी घालवतात; तळताना पडलेल्या बारीक छिद्रांतून गरम पाणी पुन्हा झटकन आत शिरतं. विद्या तीच. सुशीला करायला तेवढाच वेळ लागतो, फक्त तिची जाहिरात कुणी केली नाही.

याच ओळीत लाह्यांचं पीठ बसतं. लाह्या दळून ठेवायच्या, ते पीठ ताकात कालवायचं, मीठ-जिरं टाकलं की आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला सोसणारं जेवण. ज्वारीचं साधं पीठ असं थंड ताकात कालवून खाता येणार नाही. ते कच्चं लागेल, पोटात दुखेल. लाहीचं पीठ चालतं कारण ते फुलतानाच शिजलेलं असतं. भाजलेले गहू आणि डाळवं दळून केलेलं सातूचं पीठही तसंच, गुळाच्या पाण्यात कालवलं की चूल पेटवायची गरज नाही. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीला परभणी-गंगाखेडवरून जाते. पायी चालणाऱ्याच्या पिशवीत मावणारं आणि विस्तवावाचून होणारं खाणं म्हणून मुरमुरे, फुटाणे, सातू यांना तोड नाही.

परभणीत कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ला सुरू झालं आणि त्याचं अन्नतंत्र महाविद्यालय १९७६पासून चालू आहे. म्हणजे ज्या वर्षांत शाळेच्या फाटकावर नळ्या विकल्या जात होत्या त्याच वर्षांत त्याच गावात काही मुलं स्टार्चच्या फुगण्याचे धडे गिरवत होती. विद्यापीठानं हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर २०१८मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण दिला. दरम्यान जिल्ह्यातल्या खरिपाच्या ज्वारीची बरीच जागा सोयाबीननं घेतली. त्यामुळे श्रावणात लाह्यांची पिशवी दुकानातून आणणारी घरं आता जास्त.

पुन्हा नळीकडे. तळली, पण ती कुरकुरीत ठेवायची कशी? काच झालेला स्टार्च हवेतलं पाणी हावरटासारखा ओढतो. पाणी आलं की काच रबर होते, म्हणजेच नळी सादळते. वैशाखात उघडी ठेवलेली नळी संध्याकाळपर्यंत कुरकुरीत राहील. आषाढात अर्ध्या तासात वातड. त्यावर तेव्हाचा इलाज पातळ पॉलिथिनची पिशवी आणि मेणबत्ती. पिशवीचं तोंड करवतीच्या पात्यानं किंवा पट्टीनं दाबून धरायचं, वर राहिलेली कड ज्योतीवरून झरकन न्यायची. प्लास्टिक शंभर-सव्वाशे अंशांतच वितळतं, दोन्ही पदर एक होतात. हात रेंगाळला तर भोक, घाई केली तर फट. रात्री घरातली सगळी माणसं या कामाला बसायची. मग पिशव्यांची माळ करून पानटपरीला टांगायची.

पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवतं, प्राणवायू मात्र फारसा अडवत नाही. त्यामुळे त्या पाकिटातली नळी महिन्याभरानं कुरकुरीत असायची आणि तरी खवट लागायची. आतलं तेल हवेशी संयोग पावून बिघडलेलं असायचं. तव्यावर शेकून नळीचा सादळलेपणा जातो, पाणी निघून जातं म्हणून. खवटपणा कशानंच जात नाही. मुरमुऱ्यात तेल नसतं, त्यामुळे सादळलेले मुरमुरे उन्हात किंवा कढईत परतून पुन्हा नव्यासारखे होतात.

टपरीवरच्या बरणीतली लिमलेटची गोळीही काचच, फक्त साखरेची. साखर आणि ग्लुकोजचा पाक दीडशे अंशांच्या आसपास आटवला की पाणी शंभराला दोन-तीन भागच उरतं. तो झटपट थंड केला तर साखरेला स्फटिक बांधायला सवड मिळत नाही. मालेगाव तालुक्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांनी १९३३मध्ये साखर कारखाना काढला आणि पुढे तिथल्या गोळ्या महाराष्ट्रभर झाल्या. २०२४मध्ये त्या गोळ्यांची नावं रिलायन्सच्या कंपनीनं २७ कोटींना घेतली. शेंगदाण्याची गुडदाणी गुळाच्या पक्क्या पाकाची. गुळात पाणी ओढणारी साखर जास्त, म्हणून पावसाळ्यात गुडदाणी गोळीच्याही आधी चिघळते.

उन्हाळ्यातली 'पेप्सी' या साऱ्यांच्या उलट, निव्वळ पाण्याचा धंदा. लांब प्लास्टिकच्या पिशवीत रंगीत गोड पाणी गोठवलेलं. त्या नावाच्या कंपनीशी संबंध शून्य. गोडी पुष्कळदा सॅकरिनची, जे साखरेच्या तीनशेपट तरी गोड आणि म्हणून स्वस्त. पहिल्या चार चोखण्यांत सगळा रंग आणि गोडी तोंडात आणि हातात पांढरा बेचव बर्फ, हे कोडं प्रत्येकाला पडलेलं आहे. बर्फाचा स्फटिक बांधला जाताना त्यात साखरेला किंवा रंगाला जागा नसते. कडेपासून गोठत जाणारं पाणी त्यांना मधे, स्फटिकांच्या फटींत ढकलतं. ते घट्ट सरबत गोठायला जास्त थंडी लागते, आणि वितळतंही तेच आधी.

या नळ्यांची सद्दी ओसरली ती नव्वदीच्या मध्यापासून. चकचकीत धातूचा मुलामा दिलेली पाकिटं आली, ती प्राणवायूही अडवतात. आत नायट्रोजन भरला की खवटपणाचा प्रश्न मिटला. फुगलेल्या मालाचं भाडंही मोठ्या कंपन्यांना परवडायला लागलं. १९९९मध्ये कुरकुरे आले. त्यांची घडण नळीपेक्षा वेगळी. मक्याचा, तांदळाचा भरडा आणि बेसन अगदी कमी पाण्यात यंत्रात कोंबतात; घर्षणानं आणि दाबानं तो आतच तापतो, आणि साच्यातून बाहेर पडताक्षणी दाब सुटून जागच्या जागी फुगतो. लाहीची युक्ती, दाण्याच्या सालीऐवजी लोखंडाची. यात कच्चा तुकडा नावाची पायरीच राहिली नाही, आणि ती गेली तशी गावात कढई लावून बसणाऱ्या माणसाची जागाही गेली. मला या बदलात एवढंच खटकतं. चव हा ज्याच्या त्याच्या बालपणाचा मामला आहे.

कच्च्या नळ्या मात्र अजून मिळतात. घेताना मूठभर हलवून बघा. खडखडाट स्वच्छ ऐकू यायला हवा आणि तळाशी चुरा नसावा. पावसाळ्यात घेतल्या असतील तर ताटात पसरून दुपारचं ऊन द्या, एकच दिवस, आणि उतरलेल्या उन्हात डब्यात भरा. कढईत तेल खोल हवं, कारण मूठभर नळ्या पडल्या की उथळ तेल लगेच गार होतं. पहिली नळी टाका. दहापर्यंत आकडे मोजायच्या आत ती पूर्ण फुलून वर आली तर बाकीच्या सोडा. तळाशी रेंगाळली तर थांबा. तिखट-मीठ भुरभुरायचं ते गरम असताना, नाहीतर चिकटत नाही.